वाल्मिकनानांची डबल बेल

कडावच्या वाल्मिकनानांना एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही बातमी अजून त्यांच्या जिभेपर्यंत पोचलेली नाही, असं छायाकाकू म्हणतात. छायाकाकू नानांच्या सौभाग्यवती, त्यामुळं त्यांचं म्हणणं खरं धरायला हरकत नाही. दारात पाहुणा आला तर माणूस "या, बसा" म्हणतो. नाना म्हणतात, "चला, पुढं सरका, दारात उभं राहू नका." लग्नाच्या पंगतीत भाताचं पातेलं घेऊन निघाले की, "बोला, कोण राहिलंय? मागं कोण राहिलंय?" पुतणीच्या बाळाच्या बारशाला बायकांनी कौतुकानं पाळण्याची दोरी त्यांच्या हातात दिली, तर नानांनी ती झटक्यानं दोनदा ओढली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जाऊ द्या!" बाळ जे दचकून रडायला लागलं, ते नाव ठेवून पेढे संपले तरी थांबेना.

एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. नानांच्या मते जगाचा सगळा कारभार एवढ्यावर चालतो. देवाबद्दलही त्यांचं स्वतःचं असं एक शास्त्र आहे आणि तेही एसटीतूनच आलेलं.

"कंडक्टरनं काय करायचं?" नाना सांगतात. "मानसं आत घ्यायची, त्यांना जागा करून द्यायची, दार लावायचं आन् बेल मारायची. झालं काम. गाडी हाकनारा पुढं बसलाय. आता कंडक्टर उठला आन् म्हनाला, मला घाई हाय, आन ते स्टेरिंग इकडं, तर गाडी थेट भातखाचरात."

पुढं बसलेला तो कोण, हे सांगायची गरज पडत नाही. सांगताना नानांचं बोट देवळाकडं गेलेलं असतं.

आळीतल्या मारुतीच्या देवळात नाना रोज सकाळी न चुकता जातात, पण हात हलवत. छायाकाकूंना ते आवडत नाही. "अहो, निदान शनिवारी तरी नारळ न्यावा देवाला. रिकाम्या हातानं काय जाता?"

"स्टाफला तिकीट नसतं," नाना म्हणतात आणि चपला घालतात.

एसटीच्या माणसाला एसटीत तिकीट काढावं लागत नाही. गाडीत चढून "स्टाफ" एवढं म्हटलं की पुरतं. नाना स्वतःला मारुतीच्या स्टाफवर समजतात. स्टाफवरच्या माणसाची ड्युटी कुठली, तर तरण्या पोरांना भजन शिकवायची. ती ड्युटी त्यांना कोणी लावून दिली, हे विचारलं तर पुन्हा बोट देवळाकडं.

देवळामागं एक खोली आहे. तिथं नानांनी आढ्याला बैलाच्या गळ्यातली घंटा टांगली आणि तिची दोरी छताखालून खिळ्याखिळ्यांवरून ओढत दारापर्यंत आणली, अगदी एसटीत असते तशी. दिवेलागण झाली की पोरं पुढं तोंड करून बसतात आणि नाना सगळ्यांच्या मागं, दाराशेजारी. दोन बेल वाजल्या की भजन सुरू. कुणी सूर सोडला, कुणाची टाळी चुकली, की एक बेल. एक बेल वाजली की तोंडातलं अक्षर तोंडात ठेवून सगळे गप्प. नाना मागून सांगणार, "पेटी, तू पुढच्या स्टॉपला पोचलास रं. मृदंग अजून कडाव नाक्यावरच हाय. थांब त्याच्यासाठी." मग दोन बेल. पोरं इतकी सरावली, की झोपेत घंटा वाजवली तरी बरोबर थांबतील आणि बरोबर सुटतील. या सवयीचं पुढं काय होणार, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नव्हतं. पुढं बसलेल्याच्या मनात आलं असेल तर माहीत नाही.

पोरं टिकत मात्र नसत. एखादा तयार झाला, गळा मोकळा झाला, की पनवेलला नोकरी लागे. एखादी पोरगी मृदंगावर थाप बसवायला शिकली, की तिचं लग्न ठरे. गाडी भरायची आणि रिकामी व्हायची. नाना म्हणत, "ज्याचा त्याचा स्टॉप. उतरनाऱ्याला धरून ठेवता येत नाय." पण म्हणताना दोरी उगीच बोटाला गुंडाळत. छायाकाकूंना ते कळे, आणि त्या दिवशी त्या चहात आलं जास्त घालत.

सध्याच्या भरतीत मोठी माणसं तीन. साईनाथ पेटीवर. दिवसा हा भाजीपाल्याचा टेंपो चालवतो, आणि पेटीसुद्धा गिअर टाकल्यासारखी वाजवतो. चढावर सूर चढवताना त्याचा डावा पाय आपोआप क्लच शोधतो. मृदंगावर प्रिया. ती कर्जतला कॉलेजात जाते, भिसेगावात मावशीकडं राहते आणि शनिवार-रविवार घरी कडावला येते. मृदंगाची ती अशी कणीक तिंबते, की तिची आई म्हणते, "एवढा जोर भाकऱ्यांना लावलास तर सासर सुखी होईल गं." आणि गायला पोशा.

पोशा कोंडाण्याच्या वरच्या ठाकरवाडीतला. नाना नोकरीत असताना कोंडाण्याच्या बाजूची गाडी त्यांच्याकडं होती. पोशाची आई करवंदांची पाटी घेऊन कर्जतच्या बाजाराला निघायची आणि हा मागच्या सीटवर बसून वाडीतली गाणी म्हणायचा. आवाज असा, की बाया उतरायचं विसरून पुढच्या गावाला जायच्या आणि मग नानांशी भांडायच्या. एकदा स्टॉप आला म्हणून पोशा अर्ध्या गाण्यात उठला. नानांनी त्याला दारात अडवलं. "अर्धं गानं गाडीत ठेवून कुठं चाललास? बेवारस सामान आमाला डेपोत जमा करावं लागतं. पुरं कर आन् उतर." ड्रायव्हरनं कपाळावर हात मारला, पण पोशानं गाणं पुरं केलं. तीच त्यांची ओळख.

आता पोशा कडावजवळच्या फार्महाऊसवर गवत कापतो, पोहायच्या टाकीतला पाला काढतो. काम संपलं की नाहीसा होतो. कधी महिना जातो, कधी जास्त. पण नाना त्याची जागा कुणाला देत नाहीत. पुढच्या रांगेत एक गोणपाट अंथरलेलं असतं आणि समोरच्या भिंतीवर त्याच्या नेमकं वर खडूनं लिहिलेलं, "राखीव". एकदा देवळाच्या समितीचे अध्यक्ष पोपटशेठ सहज म्हणून भजन ऐकायला आले आणि त्या गोणपाटावर बसले. नानांनी एक बेल मारली. सगळं थांबलं.

"शेठ, ही सीट राखीव हाय."

"अरे, पन हितं कोनीच नाय!"

"राखीव सीट रिकामीच असते. म्हनून तर तिला राखीव म्हनतात."

पोरं खुदखुदली. पोपटशेठ उठले, धोतर झटकलं, आणि ते मनात ठेवून घरी गेले.

पोपटशेठ माणूस वाईट नाही. त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे आणि लग्नसराई संपली की खुर्च्या ठेवायला जागा नसते, एवढंच त्यांचं दुःख. समितीच्या बैठकीत त्यांनी खोलीचा विषय काढला.

"नाना, तुमची श्रद्धा मोठी, मी नाय म्हनत नाय. पन इतकी वरसं झाली, ह्या पोरांतून निघालं काय? येतात, शिकतात, जातात. त्यापरीस माझ्या खुर्च्या बघा. कोन बसलं, कोन उठलं, खुर्ची जिथं ठेवली तिथंच राहते."

बैठकीतली माणसं हसली. नानाही हसले, पण त्यांना लागलं. कारण हाच प्रश्न ते स्वतः रोज सकाळी मारुतीला विचारत होते, फक्त हळू आवाजात.

"खालापूरकडं उत्सवात तरुण मंडळांची भजनस्पर्धा हाय," पोपटशेठ म्हणाले. "मंडप माझाच हाय तिथं. नंबर आना, खोली जन्माची तुमची. नाय आला, तर खुर्च्या आत."

नाना म्हणाले, "चालंल." आणि घरी जाताना बोटांवर माणसं मोजली. पोशा तर गायब होता.

दुसऱ्या दिवशी देवळात नाना नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. "मारुतीराया, मी मानसं घेतली, जागा दिली, दार लावलं, बेल मारली. गाडी हालत नाय. तुला बेल ऐकू येते ना? का दोरीच तुटलीय?" मारुती शेंदरात शांत. "एक तरी टिकू दे रं बाबा. एक तरी असा निघू दे, की जो उतरला तरी रस्ता विसरनार नाय."

घरी आल्यावर काकूंनी चेहरा पाहिला. "काय म्हणाले मारुती?"

"काय म्हनतील? ड्रायव्हरशी बोलू नये असं गाडीत लिहिलेलंच असतं."

पण आठवड्याभरात पोशा आला. खांद्याला पिशवी, पायाला धूळ, आणि येऊन थेट राखीव गोणपाटावर बसला, जसा कालच उठून गेला होता.

"कुठं होतास रं?" नानांनी विचारलं.

"घराची कौलं शाकारली. मंग आईचा पाय मुरगाळला. मंग वाडीतल्या पोरांनी सोडलं नाय."

"पोरांनी? कसली पोरं?"

"हायेत," पोशा म्हणाला आणि खाकरून गळा साफ करू लागला. नानांनी आणखी विचारलं नाही. माणूस परत आला याच आनंदात त्यांनी दोन बेल मारल्या.

स्पर्धेच्या दिवशी साईनाथच्या टेंपोतून सगळे सकाळी वेळेवर निघाले. वेळेवर पोचलेही असते, पण नाना टेंपोच्या मागच्या फळक्याशी उभे होते, आणि रस्त्यावर कुणी हात केला की नानांना पुढं जाता येत नाही. फळक्यावर थाप पडली की साईनाथचा पाय आपोआप ब्रेकवर. कडाव सोडलं नाही तोच एक म्हातारा चढला. कर्जत मागं पडून खोपोली रस्ता लागला तेव्हा दोन शाळकरी पोरी चढल्या. पुढच्या फाट्यावर वालाच्या शेंगांची पाटी घेऊन बायजा नावाची एक आजी उभी होती. तिनं हातसुद्धा केला नव्हता. नानांनीच विचारलं, "कुठं जायचं, आजी?"

"उत्सवाला. पन ही गाडी जाते का तिथं?"

"जाते, चला, पुढं सरका!"

"नाना," प्रिया काकुळतीला आली, "आपण स्पर्धेला चाललोय. लाल डबा नाय हा."

"अगं, रस्त्यावरचं मानूस टाकून भजनाला जायचं आन् तिथं काय देवाला तोंड दाखवायचं?"

बायजाआजीनं प्रियाच्या हातात मूठभर शेंगा ठेवल्या आणि मृदंगावर पाटी टेकवली.

पोचेपर्यंत स्पर्धा सुरू झाली होती. सकाळी सगळ्या मंडळांना नियम वाचून दाखवले होते, ते यांनी ऐकले नाहीत. हे आले ते तडक रंगमंचावर, कारण त्यांच्याच नावाचा पुकारा चालू होता. पहिल्या रांगेत वेळ पाहायला जगदीश गुरुजी बसले होते. समोर टेबलावर पितळेची घंटा. नियम साधा होता. वेळ संपत आली की गुरुजी इशारा म्हणून एक घंटा मारणार. वेळ संपली की दोन.

नानांनी मंडपात मागं, लोखंडी खांबाशी जागा धरली. शेजारी छायाकाकू. पलीकडं पोपटशेठ, आपल्याच खुर्च्यांच्या रांगा मोजत. नाना खुर्चीवर बसले नाहीत. कंडक्टर बसत नाही.

भजन लागलं. काय लागलं म्हणून सांगावं! पोशानं पहिला सूर धरला आणि चहाच्या टपरीवरची माणसं कप हातात घेऊन मंडपात आली. साईनाथची पेटी पहिल्यांदाच टॉप गिअरमध्ये अलगद पडली. प्रियाची थाप अशी, की खुर्च्यांचे पाय थरथरले आणि पोपटशेठनी एका खुर्चीला हात लावून पाहिला. मागची पोरं टाळ घेऊन एका दमात. परीक्षकांच्या माना डोलू लागल्या. नाना मनात म्हणाले, आला नंबर. खोली राहिली.

आणि जगदीश गुरुजींनी, नियमाप्रमाणं, इशाऱ्याची एक घंटा मारली.

टण्ण!

भजन थांबलं. हळूहळू नव्हे, विरत विरत नव्हे. चाक दगडाला अडावं तसं थांबलं. साईनाथची बोटं पट्ट्यांवर आणि पाय काल्पनिक ब्रेकवर. प्रियाचा हात हवेत. पोशाच्या तोंडात देवाचं अर्धं नाव. सगळे पुढं तोंड करून, मागून कंडक्टर काय चूक सांगतो याची वाट पाहत.

गुरुजींना कळेना. त्यांनी घंटेकडं पाहिलं, जणू तिच्यातून भलताच आवाज निघाला.

नानांनीच लावलेली सवय त्यांच्याच डोळ्यांदेखत गाडी घेऊन उभी राहिली होती. खिशात घराच्या किल्ल्या होत्या. लोखंडी खांबावर दोनदा ठकठक केलं की गाडी सुटणार. हात वर गेलाही. आणि तेवढ्यात त्यांच्या मनात आलं, आज मी आहे, उद्या नसेन, ही पोरं जन्मभर मागच्या घंटेची वाट बघत बसणार का? गाडी हाकणारा पुढं आहे असं आपण जगाला सांगतो, आणि आपला हात मात्र सारखा दोरीवर. हात खाली आला. आता हा हात भरवशानं खाली आला की छायाकाकूंनी काढलेल्या चिमट्यानं, ते मारुतीलाच ठाऊक. काकूंनी चिमटा काढला होता हे मात्र खरं, आणि कानात म्हणाल्याही होत्या, "ड्रायव्हर आहे ना पुढं? मग गप राहा."

तेवढ्यात मधल्या रांगेतून पाटी घेतलेली बायजाआजी उठून उभी राहिली. "का रं थांबली गाडी? माझं ठेसन आलं का?"

सगळ्या मंडपात हशा पिकला. गुरुजीही हसले. पोशानं आजीकडं पाहिलं, नानांकडं नाही. तोंडातलं अर्धं नाव आधी पुरं केलं आणि मग म्हणाला, "नाय आजी, ठेसन नाय. गाडी उगाच उभी ऱ्हायलीय, पुढचं काय दिसंना. आशा वक्ताला घाबरून खाली उडी मारायची नाय. आपली जागा धरून बसायचं. हाकनारा झोपलेला नसतो."

"बरं बाबा," आजी म्हणाली आणि बसली. "मंग तवर काय तरी म्हन की."

आणि पोशानं म्हटलं. पेटी नाही, मृदंग नाही. ते ठरलेलं भजन नव्हतंच. वाडीत पहाटे बाया दळताना देवाला हाक मारतात तसल्या चालीचं, लहानपणी एसटीच्या मागच्या सीटवर म्हणायचा तसलं. अर्धं ठेवलं नाही, पुरं केलं. नानांनी डोळे मिटले आणि क्षणभर त्यांना करवंदांचा वास आला. पोपटशेठ खुर्च्या मोजायचं विसरले.

गाणं संपलं, आणि नेमकी वेळही संपली. गुरुजींनी नियमाप्रमाणं दोन घंटा मारल्या.

टण्ण टण्ण!

मग काय विचारता! दोन बेल वाजल्यावर गाडी सुटणार नाही तर काय करणार? साईनाथनं पेटी पहिल्यातून थेट चौथ्यात टाकली. प्रिया मृदंगावर तुटून पडली. टाळ असे झडले की मंडपाच्या झालरी हलल्या. गुरुजी उभे राहून ओरडले, "अहो, वेळ संपली!" कोण ऐकतो? त्यांनी पुन्हा दोन घंटा मारल्या. पोरांना वाटलं, कंडक्टर घाई करतोय. लय दुप्पट. गुरुजींनी घाबरून पुन्हा दोन मारल्या. लय चौपट. मंडपातली माणसं उठून टाळ्या वाजवायला लागली, बायजाआजी पाटी डोक्यावर घेऊन जागच्या जागी गिरकी घ्यायला लागली, शेंगा सगळीकडं, आणि गुरुजी घंटा बडवतायत, टण्ण टण्ण, टण्ण टण्ण, आणि भजन घाट उतरल्यासारखं सुसाट.

शेवटी नानाच खांब सोडून धावले. "गुरुजी, एक! एकच मारा! दोन नको, एक!"

गुरुजींनी एक मारली.

सगळं जागच्या जागी थांबलं. एका अक्षराचाही घोटाळा नाही.

निकालात कडावचं मंडळ वेळ ओलांडल्यामुळं बाद ठरलं. यात परीक्षकांची काही चूक नव्हती, नियम तो नियम. पोपटशेठनी हसून हसून उपरण्यानं डोळे पुसले आणि नानांपाशी आले. "नाना, जन्मात एवढा हासलो नाय. त्या पोरानं गायलं तवा रडलो पन. पन शब्द तो शब्द. खुर्च्या आत."

"शब्द तो शब्द," नाना म्हणाले.

परतीच्या वाटेवर नाना फळक्याशी उभे राहिले नाहीत. कोपऱ्यात गोणीवर बसले. रस्त्यात एकदोघांनी हात केले. नानांनी पाहिले नाहीत, पण टेंपो थांबला. फळक्यावर थाप पोशानं मारली होती.

पुढच्या आठवड्यात नाना दिवेलागणीला सवयीनं खोलीकडं गेले. आत खुर्च्यांवर खुर्च्या, छतापर्यंत. भिंतीवरचं "राखीव" एका खुर्चीच्या पाठीमागून अर्धं डोकावत होतं. नानांनी वर पाहिलं. आढं मोकळं. घंटा नाही, दोरी नाही.

खुर्च्यांचं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. घंटेचं केलं नव्हतं. ते देवळात गेले आणि पायरीवर बसले. "मारुतीराया, नंबर गेला, खोली गेली, माझं काय म्हननं नाय. पन घंटा कशाला? तिनं काय केलं होतं?" नानांनी पायरीवरची धूळ हातानं झाडली. "बरं. तुझी गाडी, तुझी मर्जी. मी हितं बसलोय. जागा धरून." आणि हे आपण कुणाकडून शिकलो, हे आठवून त्यांना त्याही स्थितीत हसू आलं.

बाहेर हॉर्न वाजला. मग आणखी एक आवाज आला, तो त्यांच्या हाडांत मुरलेला. बैलाच्या गळ्यातल्या घंटेचा. एकदा.

नाना बाहेर आले. देवळासमोर साईनाथचा टेंपो उभा. टेंपोच्या लोखंडी सांगाड्याला घंटा टांगलेली, तिची दोरी खिळ्याऐवजी तारेच्या कड्यांतून ओढत मागच्या फळक्यापर्यंत आणलेली. आत प्रिया मृदंग मांडीवर घेऊन बसलेली. टाळवाली पोरं. छायाकाकू स्वतः, डोक्यावरून पदर घेऊन, जणू माहेरी निघाल्या. आणि फळक्याशी, दोरी धरून, पोशा.

"कडाव, भिसेगाव, कोंडाणे, ठाकरवाडी!" पोशा ओरडला. "चला, पुढं सरका, दारात उभं राहू नका!"

"हे काय रं?"

"रूट वाढवला, नाना. वाडीवर पोरं जमतात माझ्याकडं. कौलं शाकारली तवापासनं शिकवतोय त्यांला. मला पन येत नाय सगळं, पन मी मागं बसतो आन् थाळी वाजवतो, एकदा थांबायला, दोनदा सुटायला. ती बगायचं म्हनतात तुमाला. देवाच्या गाडीचा खरा कंडक्टर कसा असतो म्हनून."

"आणि भिसेगावात मावशीची पडवी आहे," प्रिया म्हणाली. "तिथल्या मुली जमवल्यात मी. मावशीला अजून सांगितलं नाही. आज पोचल्यावर सांगेन."

नानांनी वळून देवळाकडं पाहिलं, तर पोपटशेठ पायरीवर उभे. हातात दोन गुंडाळलेल्या सतरंज्या. "ह्या न्या," ते तोंड वाकडं करत म्हणाले. "पडवीत पोरी गार फरशीवर बसनार का? आन् परत आनताना झटकून आना. आन् हे बघा नाना, मी बसायला येईन तवा मला राखीववर बसवायचं."

सतरंज्या आत गेल्या. मागोमाग नानांना पोरांनी हात देऊन वर घेतलं. चढल्याबरोबर त्यांचा हात आपोआप दोरीकडं गेला. पोशानं तो हळूच बाजूला सारला.

"ओ नाना, प्रवाशांनी दोरीला हात लावायचा नाय."

इतक्या वर्षांत हे वाक्य नानांनी किती जणांना ऐकवलं होतं. त्यांना कुणी ऐकवलं नव्हतं. ते गप जाऊन छायाकाकूंच्या शेजारी सतरंजीवर बसले, पुढं तोंड करून. काकूंनी पदराआडून विचारलं, "कसं वाटतंय?" नाना म्हणाले, "हितनं रस्ता दिसतो गं. मागनं कधी दिसला नव्हता."

साईनाथनं पुढून मान वळवली. त्यालाही थट्टा सुचली. "पोशा, ते नवीन प्रवासी बसलेत त्यांचं तिकीट फाडलंस का रं?"

पोशानं नानांकडं पाहिलं, मग देवळाकडं, आणि दोरी दोनदा ओढली.

"त्यांना तिकीट नाय. स्टाफ हाय."